टायफून येतोय, लेकीला काय सांगू?

प्रश्न : तोक्योच्या एदोगावा वॉर्डात राहणाऱ्या एका मराठी आईचं पत्र आलं आहे. मुलगी आठ वर्षांची, तिथल्या जपानी शाळेत तिसरीत. मुलगा पाच वर्षांचा. शाळेतून मुलीला पुराच्या धोक्याचा नकाशा आणि एक कोरा तक्ता मिळाला. टायफून येण्याआधी घरात कोणी काय करायचं, ते त्यात भरून न्यायचं आहे. नकाशावर त्यांची इमारत गडद रंगात आहे. मुलीने मग इंटरनेटवर पुराचे व्हिडिओ शोधून पाहिले. आता साधा पाऊस आला तरी ती ‘आज नदी घरात येईल का?’ असं विचारते आणि झोपत नाही. वडील म्हणतात, ‘आपण सातव्या मजल्यावर आहोत, आपल्याला काय होणार आहे? विषय बंद करा.’ श्रीवर्धनच्या सासूबाई फोनवर बजावतात, ‘लेकरांच्या कानावर असलं घालू नये.’ आई लिहिते, ‘मी तिला “काही होणार नाही, झोप” म्हणते. ती विचारते, “तुला कसं माहीत?” मला स्वतःलाच टायफून नीट समजत नाही. तिला किती सांगू, कसं सांगू, की तो कागदच बाजूला ठेवून देऊ?’

उत्तर : नमस्कार ताई,

कागद बाजूला ठेवू नका. ‘तुला कसं माहीत?’ असं विचारणाऱ्या मुलीपुढे तो लपवून उपयोगही होणार नाही. तिला धीर हवाच आहे, पण तो कशाच्या जोरावर देताय, हेही तिला कळायला हवं आहे. आई पाऊस थांबवू शकत नाही, एवढं आठव्या वर्षी मुलांना समजतं. ‘काही होणार नाही’ हे आपण मायेपोटी म्हणतो, पण ते वचन पाळणं आपल्या हातात नसतं आणि लेकीने ते ओळखलं आहे.

तुम्ही, तुमचे यजमान आणि सासूबाई, तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे : सांगितलं की भीती वाढते. पण तुमच्या मुलीला माहिती आधीच मिळालेली आहे, फक्त ती तुकड्यांत मिळाली आहे. एकीकडे नकाशावरचा गडद रंग, दुसरीकडे व्हिडिओत वाहून जाणाऱ्या गाड्या. पाणी कुठून येतं, यायला किती वेळ लागतो, ते येईपर्यंत आपण कुठे पोचलेलो असतो, हे मधलं सगळं तिच्याकडे कोरं आहे. म्हणून तिच्या मनात खिडकीवरची सर थेट घरातल्या पुरापर्यंत जाते. तिला मधल्या पायऱ्या द्यायला हव्यात. भूकंप न सांगता येतो. टायफूनचं तसं नाही. तो दूर समुद्रात तयार होतो, कित्येक दिवस प्रवास करतो आणि त्या सगळ्या वाटेवर हिमावारी हा जपानचा उपग्रह त्याच्यावर नजर ठेवून असतो. रात्रीच्या साध्या पावसाला घाबरणाऱ्या मुलीला आधी हे समजायला हवं.

आता टायफून कसा होतो ते. आधी तुम्ही वाचा, मग तुमच्या शब्दांत तिला सांगा. एका बैठकीत सगळं सांगू नका, रोज थोडं पुरे.

सुरुवात समुद्रापासून करा. फिलिपिन्सच्या पूर्वेला पसरलेला प्रशांत महासागर उन्हाळाभर तापत राहतो. टायफूनला पोसायला पाणी साधारण २६.५ अंश सेल्सियसच्या वर लागतं, आणि ती ऊब नुसती पृष्ठभागावर पुरत नाही, ५० मीटर खोलीपर्यंत असावी लागते. अशा पाण्याची भरपूर वाफ होते. इथे लेकीला हात ओला करून त्यावर फुंकर मारायला सांगा. हात गार लागतो, कारण पाण्याची वाफ होताना ती हाताची उष्णता घेऊन जाते. समुद्रावरची वाफ तशीच समुद्राची उष्णता घेऊन वर जाते. उंचावर गारवा असतो, तिथे वाफेचे पुन्हा थेंब होतात, ढग बनतात आणि घेतलेली उष्णता वाफ तिथल्या हवेला परत करते. ती हवा गरम होते, हलकी होते, आणखी वर चढते. मग खाली समुद्रालगत हवेचा दाब कमी होतो. ती उणीव भरायला चारी बाजूंनी हवा धावते, येताना आणखी वाफ आणते, ती वाफ पुन्हा वर जाते. असं हे चक्र स्वतःच स्वतःला पोसत राहतं.

एवढं कळलं की पुढचा भाग तिचा तिलाच सुचू शकतो. विचारून पाहा : मग हे वादळ जमिनीवर आलं तर? थंड पाण्यावर गेलं तर? खाली ऊबदार समुद्र नाही, म्हणजे त्याचं खाणं तुटलं, आणि ते अशक्त होत जातं. हे उत्तर तिलाच काढू द्या. वादळ कायम टिकत नाही हे तिने स्वतः शोधून काढलं, तर ते तिला आपण सांगितल्यापेक्षा जास्त पटेल.

वादळ गोल का फिरतं, हेही ती विचारेल. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दूरवरून मध्याकडे धावणारी हवा सरळ पोचत नाही. उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि सगळी मिळून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरू लागते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण फार क्षीण असतं, म्हणून तिथे टायफून जवळपास होतच नाहीत. टबाचं बूच काढल्यावर पाणी गरगरतं ते उदाहरण मात्र देऊ नका, ते सर्रास दिलं जात असलं तरी. टबात पाणी खाली जातं आणि इथे हवा वर चढते. शिवाय टबातल्या गरगरण्याचा पृथ्वीच्या फिरण्याशी संबंध नाही. मूल एकदा चुकीचं चित्र मनात धरून बसलं की पुसायला फार वेळ जातो.

फिरता फिरता टायफून पुढे सरकतो, ओढ्यात पडलेलं पान स्वतःभोवती गिरक्या घेत प्रवाहाबरोबर वाहत जावं तसा. त्याचा प्रवाह म्हणजे वरच्या थरातले मोठे वारे. त्या वाऱ्यांचा अंदाज बांधता येतो, म्हणूनच टायफूनच्या वाटेचा अंदाज काही दिवस आधी दाखवता येतो.

मध्यभागी असतो त्याचा डोळा. तिथे वारा जवळजवळ पडलेला असतो, कधी आकाशही मोकळं दिसतं. त्या डोळ्याभोवती ढगांची जी भिंत असते, तिथला वारा आणि पाऊस सगळ्यांत भयंकर. म्हणून वारा एकाएकी थांबला तर वादळ संपलं असं समजून दार उघडायचं नाही. थोड्या वेळाने तोच वारा उलट्या दिशेने येतो. हे घरातल्या मोठ्यांनीही पक्कं लक्षात ठेवावं.

आणि तिला प्रमाणही सांगा. वायव्य प्रशांतात वर्षाला सरासरी २५ च्या आसपास टायफून तयार होतात. त्यांतले जपानच्या किनाऱ्याला धडकतात ते सरासरी तीन. बाकीचे समुद्रातच विरतात किंवा दुसरीकडे जातात. सुरुवातीला जमलेल्या ढगांपैकी तर बहुतेकांचा टायफून होतच नाही, कारण वर आणि खाली वेगवेगळे वारे वाहत असतील तर तो ढगांचा मनोरा उभाच राहत नाही.

आता पुराकडे येऊ. तुमच्या मुलीला वाऱ्याची नव्हे, पाण्याची भीती वाटते आहे, आणि तिचं बरोबर आहे. २०१९ चा टायफून हागिबिस तुमच्या भागात सगळ्यांच्या लक्षात असेल. ६ ऑक्टोबरला तो तयार झाला. समुद्रावर असताना त्याच्या मध्याचा दाब ९१५ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता (एरवी तो १०१३ च्या आसपास असतो). १२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो इझु द्वीपकल्पावर आला, तोवर दाब ९५५ झाला होता, म्हणजे तो बराच दुबळा झाला होता. तयार झाल्यापासून किनाऱ्यावर येईपर्यंत सहा दिवस तो सगळ्यांना दिसत होता. तरीही त्याने फार मोठी हानी केली, कारण पाणी एकाच वाटेने येत नाही.

पहिलं पाणी आभाळातलं. समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगरावर आदळून वर ढकलली जाते आणि तिथे पाणी ओतते. कोकणातून आलेले ढग सह्याद्रीवर कसे कोसळतात ते तुम्हाला ठाऊकच आहे, तेच इथे. हाकोनेच्या डोंगरात त्या एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस पडला. सपाट जागी तो तसाच साठला असता, तर आठ वर्षांच्या मुलीच्या छातीला लागला असता.

दुसरं पाणी नदीचं, आणि ते उशिरा येतं. हे फार महत्त्वाचं आहे. डोंगरातला पाऊस ओढ्यांतून, उपनद्यांतून गोळा होत खाली यायला कित्येक तास लागतात. नागानोमध्ये चिकुमा नदीचा बांध फुटला तो १३ तारखेच्या पहाटे. तोवर वादळ पुढे निघून गेलं होतं. शिन्कान्सेन या अतिवेगवान रेल्वेच्या १० गाड्या, म्हणजे १२० डबे, आपल्या आगारात उभ्याउभ्या पाण्यात गेल्या. पाऊस थांबला म्हणून सुरक्षित ठिकाणाहून घाईने घरी परतायचं नाही, हा नियम तिच्या तक्त्यात लिहायला लावा. याच गोष्टीची दुसरी बाजूही तिला सांगा. तुमच्या खिडकीवर पडणारी सर म्हणजे नदीचा पूर नव्हे. नदी भरायला वर डोंगरात खूप पाऊस लागतो, वेळ लागतो, आणि नदीची पातळी सतत मोजली जात असते.

तिसरं पाणी समुद्राचं. टायफूनखाली हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे समुद्र थोडा फुगतो, दर एक हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटिमीटर. पण खरा जोर वाऱ्याचा. तो पाणी ढकलत उथळ खाडीच्या बंद टोकाशी नेऊन साठवतो. तोक्योची खाडी दक्षिणेला उघडी आणि उत्तरेला बंद आहे. तुमच्या न्हाणीघरातल्या टबात लेकीला तळहाताने पाणी एका टोकाला ढकलायला सांगा. टोकाला पाणी चढताना ती स्वतः बघेल. २६ सप्टेंबर १९५९ च्या रात्री इसे खाडीत असंच पाणी चढून नागोया परिसर बुडाला. त्या टायफूनने ५,००० हून अधिक माणसं घेतली. त्यानंतर, १९६१ मध्ये, जपानने आपत्तीविषयीचा मूळ कायदा केला. २०१३ मध्ये फिलिपिन्समधल्या ताक्लोबान शहरात हैयान टायफूनच्या वेळी समुद्र चढणार असल्याचा इशारा लोकांना मिळाला होता, पण त्या इशाऱ्याचा अर्थ नेमका काय, समुद्र खरोखर आत येणार म्हणजे काय, हे अनेकांना कळलंच नाही. सासूबाईंना ही गोष्ट जरूर सांगा. मृतांचे आकडे मुलीला सांगण्याची मात्र गरज नाही.

आणखी एक पाणी असतं, बाहेर जायला वाट न सापडलेलं. हागिबिसच्या वेळी कावासाकीच्या मुसाशी-कोसुगी भागात तामा नदी इतकी चढली की नदीचं पाणी गटारांच्या नळांतून उलटं शहरात आलं. एका उंच निवासी मनोऱ्याच्या तळघरातली विजेची यंत्रणा बुडाली. वीज गेली, लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही, संडास वापरता येईना. वरच्या मजल्यांवरच्या घरांत पुराचा थेंबही आला नव्हता, तरी तिथे राहणं अशक्य झालं.

तुमच्या यजमानांशी बोलायचं आहे ते याच मुद्द्यावर. सातवा मजला बुडणार नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण एदोगावाची जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. गेल्या शतकात जमिनीखालचं पाणी उपसल्याने ती खचली. तिथे आलेलं पाणी आपोआप समुद्राला परत जाणार नाही, ते पंपांनी उपसून काढावं लागेल. म्हणूनच वॉर्डाच्या २०१९ च्या नकाशात काही भागांत पाणी १-२ आठवडे राहील असं धरलं आहे, आणि मुखपृष्ठावरच रहिवाशांना इथे थांबू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. आपल्याच नागरिकांना इतक्या मोकळेपणाने खरं सांगणाऱ्या प्रशासनाबद्दल मला फार आदर वाटतो. दोन लहान मुलांसह, वीज-पाण्याविना आठवडाभर सातव्या मजल्यावर राहायचं आहे का, हा प्रश्न यजमानांना शांतपणे विचारा, मुलं झोपल्यावर. त्यांची भूमिका बेफिकिरीची असेल असं मला वाटत नाही. घरच्यांना घाबरवायचं नाही म्हणून अनेक वडील असेच बोलतात.

मग त्या तक्त्यात काय भरायचं? आधी ठिकाण ठरवा. पश्चिम तोक्योत किंवा उंचावरच्या भागात राहणारं एखादं ओळखीचं कुटुंब, लेकीच्या कोणी काकू, असतील तर आजच बोलून ठेवा. मराठी मंडळींचं तिथे एकमेकांकडे येणंजाणं असतंच, त्यात हा एक करार घाला. तसं कोणी नसेल तर हॉटेल, नाहीतर वॉर्डाने दिलेलं ठिकाण. निघायचं कधी, ते त्यानंतर ठरवा. जपानच्या पाच पातळ्यांच्या इशाऱ्यांत तिसऱ्या पातळीला वृद्धांनी आणि लहान मुलं असलेल्या घरांनी निघायचं असतं, चौथीला धोक्याच्या भागातल्या सगळ्यांनी. पाचवीची वाट बघायचीच नसते, कारण तोवर संकट दारात असतं. पण हागिबिसच्या वेळी तोक्योतल्या रेल्वेगाड्या आधी जाहीर करून बंद ठेवल्या होत्या. त्यामुळे दूर जायचं असेल तर आदल्याच दिवशी निघावं लागतं. तक्त्यात ‘आदला दिवस, सकाळ’ असं लिहा.

पिशवीत माणशी रोजचं तीन लिटर पाणी, निदान तीन दिवसांचं, आणि सोबत आपत्कालीन संडासाच्या पिशव्या. मुलांना पुरात ‘शू कुठे करायची’ ही काळजी मोठ्यांना वाटते त्याहून कितीतरी जास्त असते. ती पिशवी उघडून दाखवा, कशी वापरायची तेही दाखवा. लेकीला तिचं स्वतःचं एक काम द्या : टॉर्चचे सेल तपासणं, भावाचं आवडतं खेळणं पिशवीत घालणं. १७१ या क्रमांकावर आपत्तीत घरच्यांसाठी निरोप ठेवता येतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला त्याचा सराव करता येतो, तो तिलाच करू द्या.

व्हिडिओ तिने एकटीने पाहायचे नाहीत. त्याऐवजी टायफूनच्या दिवसांत सकाळी एकदा, तिच्याबरोबर बसून, उपग्रहाचं चित्र पाहा : आज कुठे आहे, कालपेक्षा किती सरकला. झोपण्याआधी नको. एखाद्या सुट्टीत तिला अराकावा नदीवरच्या इवाबुचीच्या निळ्या जलद्वारापाशी घेऊन जा. हागिबिसच्या रात्री ते बंद करून अराकावाचं पाणी सुमिदा नदीत जाऊ दिलं नव्हतं. शेजारीच नदीची माहिती देणारं संग्रहालय आहे. साईतामातल्या कासुकाबेला जमिनीखाली ५० मीटरवर ६.३ किलोमीटरचा बोगदा आहे, लहान नद्यांचं उतू जाणारं पाणी तो मोठ्या एदो नदीकडे नेतो. आधी नोंदणी करून तो पाहता येतो. आपल्यासाठी कोणीतरी एवढं मोठं काम करून ठेवलं आहे, हे तिने डोळ्यांनी पाहावं.

रात्री ती विचारेल तेव्हा एवढंच सांगा : ‘आजचा पाऊस टायफूनचा नाही, मी सकाळी पाहिलं आहे. टायफून येणार असेल तर आपल्याला आधी कळेल, आणि आपण तो यायच्या आधी काकूंकडे गेलेलो असू.’ यातलं प्रत्येक वाक्य खरं असायला हवं, म्हणून सकाळी खरंच पाहा आणि काकूंशी खरंच बोलून ठेवा. धाकट्याला एवढंही नको. ‘मोठं वादळ आलं की आपण सगळे मिळून दुसऱ्या घरी जातो’ हे त्याला पुरेल. महिनाभर हे सगळं करूनही तिची झोप परतली नाही, पोटात दुखू लागलं, शाळा नकोशी झाली, तर शाळेतल्या समुपदेशकांना भेटा, थांबू नका.

सासूबाईंचं बोलणं मला मनापासून समजतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातच किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तो दिवस त्या विसरल्या नसतील. अरबी समुद्रातलं चक्रीवादळ आणि प्रशांतातला टायफून एकाच जातीचे. त्यांनाच विनंती करा : नातीला त्या दिवसाची गोष्ट सांगा, पण आधी इशारा कसा मिळाला, घरात कोण कुठे थांबलं, काय उचलून ठेवलं आणि नंतर बाग पुन्हा कशी लावली, तेही सांगा. आजी त्यातून पार पडली आणि आज फोनवर बोलते आहे, याचा लेकीला फार आधार वाटेल.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथल्या पालकांनीही असा तक्ता घरी करावा. आपल्याकडे चक्रीवादळाचे महिने म्हणजे पावसाळ्याआधीचे मे-जून आणि नंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर. हवामान खात्याचा इशारा आला की भरतीची वेळही बघा, कारण वादळ आणि भरती एका वेळी आली तर खाडीकाठच्या घरांत पाणी जास्त चढतं. कौलारू घर असेल तर कोणाच्या पक्क्या घरात जायचं ते मे महिन्याच्या आत ठरवून ठेवा, आणि मुलांना ते घर माहीत असू द्या.

शाळेचा कागद जपानीत भरावा लागेल, तो लेकच भरेल. त्याची एक मराठी प्रत करून दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. काकूंचा फोन नंबर त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.